टीवायच्या कॉम्प्युटरच्या मुलांना ‘कम्युनिकेशन’ शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

शेंगाचटणी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर विभागात शिकवते. त्याआधी सात वर्षं पुण्यात कंपनीत होते, टेस्टिंगमध्ये. या सत्रापासून टीवायचं, म्हणजे तिसऱ्या वर्षाचं, कम्युनिकेशन स्किल्सचं प्रॅक्टिकल माझ्याकडे आलं आहे. आतापर्यंत इंग्रजीच्या मॅडम घ्यायच्या, त्या मे महिन्यात सोडून गेल्या. चौसष्ट मुलं, तीन बॅचेस, प्रत्येक बॅचला आठवड्यातून दोन तास. जर्नलमध्ये दहा असाइनमेंट्स ठरलेल्या आहेत: स्वतःची ओळख, ग्रुप डिस्कशन, बायोडाटा, मुलाखतीचा सराव वगैरे. विभागप्रमुख म्हणाले, पाचपर्यंत बदलल्या तरी चालतील, पण आठवड्याभरात कळवा.

का बदलाव्याशा वाटतात ते सांगते.

मे महिन्यात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या ओरल्स होत्या, मी इंटर्नल, म्हणजे कॉलेजकडची परीक्षक, होते. बार्शी तालुक्यातल्या एका मुलानं गावच्या दूध संकलन केंद्रासाठी सॉफ्टवेअर केलं होतं. एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, विचारलं, तुमचा प्रोजेक्ट काय करतो? तो म्हणाला, “सर, इट इज वेब बेस्ड ॲप्लिकेशन युझिंग रिॲक्ट अँड नोड.” पुढे? “सर, इट इज युझर फ्रेंडली.” आणखी दोन प्रश्न झाले, दोन्हींना अर्धवट उत्तरं. ब्लॅक बुकावर (प्रोजेक्टच्या अहवालावर) सही झाली, गुण बेताचेच मिळाले.

नंतर कॉरिडॉरमध्ये मी त्याला सहज विचारलं, अरे, हे सुचलं कसं तुला? आणि तो बोलायला लागला. गायीच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो, त्याखाली गेलं की पॉइंटामागे पैसे कापतात. आई पहाटे साडेपाचला किटली घेऊन जाते. मशिनवरचा आकडा तिला क्षणभर दिसतो, पावती फिकट येते, आणि दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो तेव्हा कुठल्या दिवशी किती कापलं ते लागत नाही. विचारावं तर मागे रांग उभी असते. म्हणून यानं असं केलं होतं, की प्रत्येक वेळचं लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर आईच्या मोबाइलवर मराठीत जावा आणि दहाव्या दिवशी तिची बेरीज तिला स्वतःला पडताळता यावी. मी मुद्दाम विचारलं, मशिननंच फॅट चुकीचं दाखवलं तर? तो लगेच म्हणाला, “ते माझं सॉफ्टवेअर पकडू शकत नाही मॅडम. ते मी ब्लॅक बुकात लिहायला पाहिजे होतं.”

दहा मिनिटांत तो एकदाही अडखळला नाही. समस्या कोणाची, उपाय काय, त्याची मर्यादा कुठे, सगळं आलं, आणि क्रमानं आलं. हीच दहा मिनिटं आत, टेबलासमोर झाली असती तर! त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाही. तीन वर्षं आम्ही त्याला शिकवत होतो आणि ‘प्रोजेक्टबद्दल बोलणं’ म्हणजे टेक्नॉलॉजीची नावं घेणं, असं त्यानं आमच्याकडूनच उचललं.

दुसरी गोष्ट रोजची. लॅबमध्ये कोणाचं अडलं की मला व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा मोबाइलनं काढलेला तिरका फोटो येतो, खाली “मॅम नॉट वर्किंग”. टेस्टिंगमध्ये बग लिहिताना आम्ही तीन गोष्टी लिहायचो: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. माझ्या मुलांना रिकर्शन येतं, डेडलॉक समजतो, पण या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. “काय व्हायला हवं होतं?” असं मराठीत विचारलं तरी थांबतात. म्हणजे तिथे अडचण इंग्रजीची धरता येत नाही.

एनबीए म्हणजे इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारं मंडळ. पदवीपर्यंत मुलांना काय यायला हवं याची, म्हणजे प्रोग्रॅम आउटकम्सची, त्यांची जुनी बाराची यादी होती, तिच्यातला दहावा कम्युनिकेशनचा. कुठला विषय कुठल्या आउटकमला किती हातभार लावतो ते आकड्यांत दाखवणाऱ्या सीओ-पीओ मॅपिंगच्या तक्त्यात मी कितीदा त्याच्यासमोर २ किंवा ३ भरला असेल. परवा तो मूळ मजकूर पहिल्यांदा शांतपणे वाचला. रिपोर्ट आणि डिझाइनचे कागद लिहिणं आणि समजून घेणं, प्रेझेंटेशन करणं, आणि शेवटी, स्पष्ट सूचना देणं आणि घेणं. या ‘घेणं’साठी आमच्या जर्नलात एकही असाइनमेंट नाही.

आता प्रश्न. पहिलं बोलणं मराठीत करू द्यावं का? सोलापूरच्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलंही असतात, सगळ्यांना मराठी येतं, पण ‘मातृभाषेत बोला’ म्हणून चालत नाही. गुण कशाला द्यायचे, म्हणजे इंग्रजी चांगलं असलेली चार मुलं दर वेळी वर आणि बाकीची खाली असं होणार नाही? आणि जे कंपनीत आहेत त्यांनी सांगा, नव्यानं आलेल्या मुलांचं गाडं नक्की कुठे अडतं.

फेज३_बसस्टॉप

ताई, तेरा वर्षं हिंजवडीत आहे, त्यातली सहा टीम लीड म्हणून. तुमच्या शेवटच्या प्रश्नापुरतं लिहितो.

ॲक्सेंट, व्याकरण यांनी काम अडलेलं मी पाहिलेलं नाही. काम अडतं ते न सांगितल्यामुळे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे लातूरकडचा एक मुलगा आला. कोडिंग उत्तम. रोजच्या स्टँडअपमध्ये (कोणाचं काम कुठवर आलं ते सांगायच्या छोट्या मीटिंगमध्ये) “वर्किंग ऑन इट” एवढंच म्हणायचा. चौथ्या दिवशी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, तर कळलं की त्याला डेटाबेसचा ॲक्सेसच मिळालेला नव्हता. माझ्या एका मेलचं काम होतं. मी विचारलं, बोलला का नाहीस? म्हणाला, “सर, वाक्य जुळवत होतो.” मग म्हणाला, “आणि वाटलं, हे आपल्यालाच जमायला पाहिजे.” या दुसऱ्या वाक्यावर कॉलेजात काहीतरी करा. अडलो असं सांगणं म्हणजे कमीपणा, हे बारावीपर्यंतच पक्कं झालेलं असतं.

मी तेव्हापासून नव्या मुलांकडून रोज संध्याकाळी चार ओळी लिहून घेतो: आज काय झालं, कुठे अडलंय, काय काय करून पाहिलं, कोणाकडून काय हवंय. चौथ्या ओळीत माणसाचं नाव आलंच पाहिजे. “हेल्प नीडेड” लिहिलं की परत पाठवतो. तीन आठवड्यांत बदल दिसतो.

आणखी एक सुचवतो, रीडमी, म्हणजे प्रोजेक्ट कसा चालवायचा ते सांगणारी सोबतची फाइल. प्रत्येक ग्रुपनं स्वतःच्या मिनी प्रोजेक्टचा रीडमी लिहायचा. मग दुसऱ्या ग्रुपनं फक्त तो वाचून प्रोजेक्ट चालवायचा. लिहिणारे शेजारी बसणार, पण बोलायचं नाही, माउसला हात लावायचा नाही, वाचणारा कुठे थांबतो ते वहीत टिपायचं. यात इंग्रजीला गुण द्यायचीच गरज उरत नाही. प्रोजेक्ट चालला की नाही ते समोरच दिसतं.

अंबागेट_निवृत्त

शेंगाचटणी मॅडम, मी अमरावतीला एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली अकरा इंजिनिअरिंगच्या मुलांना. तुमची तळमळ पोचली. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते, राग मानू नका.

स्वतःची ओळख आणि मुलाखतीचा सराव काढून टाकू नका. कॅम्पसला येणारी माणसं पहिल्या पाच मिनिटांत इंग्रजीच ऐकतात. ज्याच्या घरी इंग्रजी पेपर येतो त्याचं आपल्यावाचून अडत नाही. अडतं ते ज्याला कॉलेजबाहेर एक वाक्य इंग्रजीत बोलायची संधी नाही त्याचं. मराठीत बोलू दिलं की वर्ग मोकळा होतो, आपल्यालाही बरं वाटतं, आणि तो मुलगा मात्र डिसेंबरात होता तिथेच राहतो. माझ्या हातून पहिली दोन-तीन वर्षं हे झालेलं आहे.

म्हणून मराठीला वेळ द्या, पण मोजून. मी शेवटच्या वर्षांत असं करायची: जोडीतल्या एकानं दोन मिनिटं मराठीत सांगायचं. दुसऱ्यानं ते इंग्रजीत लिहायचं, पाच वाक्यांत, एका वाक्यात एकच गोष्ट. मग पहिल्यानं ते मोठ्यानं वाचायचं आणि ‘हे मी म्हणालो नव्हतो’ असं जिथे वाटेल तिथे थांबायचं. तिथे जी चर्चा होते ती खरी शिकवणी. सांगणाऱ्याला कळतं की आपण काय गाळलं, लिहिणाऱ्याला कळतं की आपण काय घुसडलं. तुमचं ते ‘घेणं’ यातच आलं.

आपल्या मुलांच्या इंग्रजीत क्रियापदं फार थोडी असतात, हे माझं निरीक्षण. सगळं ‘डू’ आणि ‘वर्क’वर चालतं. “सर्व्हर इज नॉट वर्किंग.” अहो, काय करत नाही? सुरू होत नाही, उत्तर देत नाही, उशिरा देतो, चुकीचं देतो, की मध्येच बंद पडतो? मराठीत ही पाच क्रियापदं त्यांना येतात. त्यांची इंग्रजी जोडी शिकवायची. अशी साठ क्रियापदं मी काढली होती, तुमच्या विषयाच्या सरांना शेजारी बसवून. व्याकरणाच्या पन्नास पानांपेक्षा त्या एका पानानं जास्त काम केलं.

न्युरेंबर्गकर

मी वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, जर्मनीत. तुमच्या पाचांतली एक असाइनमेंट मला सुचवू द्या, कारण ‘कम्युनिकेशन’ हा प्लेसमेंटपुरता विषय आहे असं मुलांना वाटत असेल तर ते यानं बदलतं.

थेरॅक-२५ नावाचं किरणोपचाराचं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्यानं सहा रुग्णांना प्रचंड जादा डोस दिला. रेस कंडिशनचं (दोन कामं एकाच वेळी चालताना कुठलं आधी झालं यावरून होणाऱ्या चुकीचं) उदाहरण म्हणून तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला ते कदाचित येत असेल. पण मुलांना टेक्ससमधल्या टायलरची मार्च १९८६ ची घटना ऑपरेटरच्या खुर्चीत बसवून सांगा. तिनं उपचाराचा प्रकार चुकून एक्स-रे टाइप केला, लगेच वर जाऊन दुरुस्त केला, बीम सुरू केला. यंत्र थांबलं आणि पडद्यावर आलं: “मालफंक्शन ५४”. तिच्या मॅन्युअलमध्ये त्या आकड्याचा अर्थ दिलेलाच नव्हता. असे संदेश रोज यायचे, ‘पी’ दाबलं की काम पुढे सरकायचं. तिनं ‘पी’ दाबलं. आतल्या माणसाला दुसऱ्यांदा झटका बसला. त्या दिवशी खोलीतलं दाखवणारा व्हिडिओचा पडदा जोडलेला नव्हता आणि आतला आवाज बाहेर आणणारी यंत्रणा बिघडलेली होती. तो रुग्ण काही महिन्यांनी गेला.

असाइनमेंट अशी: त्या दोन शब्दांच्या जागी तुम्ही काय लिहाल? बहुतेक मुलं पहिल्यांदा “एरर, डोस कमी गेला” असं काहीतरी लिहितील, कारण यंत्र कमी डोस गेल्याचंच दाखवत होतं. मग त्यांना सांगायचं, की ५४ चा अर्थ ‘डोस फार जास्त किंवा फार कमी’ असा होता. प्रोग्रॅमलाही नक्की ठाऊक नव्हतं. आता लिहा. जे आपल्याला माहीत नाही ते घाबरलेल्या, घाईतल्या माणसाला एका ओळीत कसं सांगायचं? आणि त्यानं पुढच्या क्षणी काय करायचं? आमच्या टीममध्ये अशा एका ओळीवर अर्धा दिवस जातो, आणि तो जायलाच हवा.

आधी मराठीत लिहून घ्या, असं माझं मत. “थांबा. रुग्णाकडे जा.” हे तीन शब्द सुचायला इंग्रजी आड येऊ नये.

मागच्या_बाकावरचा

मी बोलताना अडखळतो, लहानपणापासून. कॉलेजात दर प्रेझेंटेशनला सर माझं वाक्य पुरं करायचे. प्रेमानंच करायचे, पण ते पुरं केलेलं वाक्य बहुतेक वेळा माझं नसायचं.

बॅचमध्ये असा एखादा तरी असेल. त्याला सगळ्यांसमोर उभं राहण्यातून सूट देऊ नका, सूट दिली की सगळ्यांच्या लक्षात राहतं. दोन जणांसमोर बोलू द्या, वेळ घड्याळ न लावता द्या आणि वाक्य त्याला संपवू द्या. आणि लिहिण्याला बोलण्याइतकेच गुण ठेवा. मी आज आमच्या टीमची डिझाइन डॉक्युमेंट्स लिहितो, कोड रिव्ह्यूत माझ्या कॉमेंट्स लोक थांबून वाचतात. हे माझं कम्युनिकेशन आहे हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. एकोणिसाव्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

शेंगाचटणी

सगळ्यांना उत्तर द्यायला गणपतीची सुट्टी उजाडली, माफ करा. काय केलं ते लिहिते.

अंबागेटबाई, तुमचं ऐकलं. ओळख आणि मुलाखत ठेवली. तुमचा जोडीचा प्रकार तर आता प्रत्येक तासाची पहिली वीस मिनिटं झालाय. ते साठ क्रियापदांचं पान अजून असेल तर इथे टाकाल का? माझं सव्विसाव्यावर अडलंय.

रीडमीचा तास पहिल्या बॅचनं केला. सात ग्रुप, त्यातल्या दोघांचाच प्रोजेक्ट दुसऱ्याच्या मशिनवर चालला. एकाचा डेटाबेस रीडमीतही नव्हता आणि फोल्डरमध्येही नव्हता. एकाच्या फाइलचा पत्ता डी ड्राइव्हचा, आणि लॅबमधल्या त्या मशिनला डी ड्राइव्हच नाही. एका मुलीनं रीडमी सुंदर लिहिला होता, इंग्रजी तर वर्गात सगळ्यात चांगलं. पण ‘प्रथम सर्व्हर सुरू करा’ ही पायरी गाळली, कारण तिच्या लॅपटॉपवर तो आपोआप सुरू होतो. समोरच्या दोघांना वीस मिनिटं चाचपडताना पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोलायचं नाही हा नियम तिनं मोडला नाही. त्याच रात्री तिनं दुरुस्त करून पाठवला. गुण असे ठेवलेत: पंचवीसपैकी दहा वाचणाऱ्याचं काम झालं की नाही याला, दहा दुसऱ्या खेपेला काय सुधारलं याला, पाच भाषेला. ‘मागच्या बाकावरचा’, लिहिणं आणि बोलणं समसमान केलंय. असा एक मुलगा माझ्या तिसऱ्या बॅचमध्ये आहे. तुमचं लिहिलेलं मी आधी वाचलं नसतं तर पहिल्याच तासाला त्याचं वाक्य मीच पुरं केलं असतं.

थेरॅकच्या तासाला वर्ग इतका शांत मी पाहिला नव्हता. एकानं लिहिलं: “डोस चुकला आहे. किती ते मला माहीत नाही. पुढे जाऊ नका, आत जा.” त्यावरून वाद झाला, की यंत्रानं ‘मला’ म्हणावं का. तास संपला तरी चालू होता.

आता ‘घेणं’. हॉस्टेलशेजारच्या मेसच्या काकांना मी विनंती केली, ते दुपारी तीनला कॉलेजात आले. मुलांनी त्यांच्यासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करायचंय असं समजून माहिती घ्यायची. पहिल्या दिवशी मुलांनी विचारलं, “काका, तुम्हाला कुठले फीचर्स हवेत?” काका म्हणाले, “तुम्हीच सांगा बाळांनो, मला काय कळतंय.” पंधरा मिनिटांत प्रश्न संपले. मुलांनी घरी जाऊन हजेरी आणि महिन्याचे पैसे असे दोन टेबल आखले.

पुढच्या आठवड्यात मी एकच अट घातली. ‘हवं’ हा शब्द वापरायचा नाही, घडून गेलेल्या एका दिवसाबद्दलच विचारायचं. एक मुलगी म्हणाली, “काका, परवा रात्री जेवायला कोण कोण आलं नाही, आणि तुम्ही वहीत काय लिहिलंत?” आणि काकांनी वहीच उघडली. हजेरी ते मांडतच नाहीत, खाडे मांडतात. आदल्या संध्याकाळी सांगितलं तरच खाडा धरतात. सलग दोन दिवस झाले तरच पैसे वळते. एकवेळवाल्याचा खाडा अर्धा. परीक्षेच्या काळात नियम सैल. सणाला गोडाचं जेवण असेल त्या दिवशी खाडा नाही, कारण सामान आधीच भरलेलं असतं. मुलं भराभर लिहीत होती. शेवटी प्रत्येक ग्रुपनं आपण काय समजलो ते काकांना मराठीत वाचून दाखवलं. काकांनी पहिल्या ग्रुपला सहा ठिकाणी थांबवलं, शेवटच्याला एका.

ते एक ठिकाण असं: मुलांनी लिहिलं होतं, ‘पैसे थकले तर जेवण बंद’. काका म्हणाले, “बंद कधी केलंय मी? लाल पेनानं नाव लिहितो, एवढंच.” आता त्या लाल पेनाचं डेटाबेसमध्ये काय करायचं यावर ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. काका पुढच्या गुरुवारी परत येणार आहेत. दोन्ही तटांनी आपापलं म्हणणं त्यांना समजेल असं एका पानात लिहून आणायचंय, आणि कुठलं घ्यायचं ते काका ठरवतील.